बगळ्याची मान

वारा सुटला तशी सुनेने वरच्या फळीवरचे काचेचे बगळे एकेक उचलून खोक्यातल्या कापसात आडवे केले. मैदानभर मांडवांची कापडं फडफडत होती.

"अण्णा, तुमचे बगळे शिंकेनेसुद्धा मोडतील हो," शेजारची टोपलीवाली म्हणाली. "माझ्या टोपलीवर बैल बसला तरी काही व्हायचं नाही."

"म्हणून तुझ्याकडे बैल येतात आणि माझ्याकडे माणसं," सासरे म्हणाले.

टोपलीवाली खळखळून हसली. सासऱ्यांनी चहाची बशी तोंडाला लावली. निम्मा चहा गुडघ्यावर सांडला. सुनेने फडकं पुढे केलं.

मागच्या आजारपणापासून त्यांचे हात असे थरथरत. तरी रोज सकाळी घरामागच्या पत्र्याच्या खोलीत ते ज्योतीपुढे बसत, काचेची कांडी तापवून बगळे ओढत. पाय फेंगडे, चोच वाकडी. ते जेवायला उठले की सून ते बगळे मोडीच्या बादलीत टाकी आणि त्यांच्या जागी आपण केलेले ठेवी. हे फक्त सासूबाईंना ठाऊक होतं.

"त्यांना कळलं तर?" सून विचारी.

"कळायचं नाही. हात गेले तशी नजरही गेलीय," सासूबाई म्हणत. "आणि कळलंच, तर हाय खाईल हो तो माणूस. एवढा ताठाच काय तो उरलाय. राहू दे."

सून राहू देत होती. ते धडधाकट होते तेव्हा किती वेळा म्हणाले होते, बस ज्योतीपुढे. "तुम्ही असताना मी कशाला?" म्हणत तीच मागे सरली होती. आता मेळ्यात लोक बगळा उजेडात धरून "वा!" म्हणत, सासरे ताठ मानेने ती दाद घेत, आणि मागे उभ्या सुनेला आतल्या आत गुदगुल्या होत. नाव त्यांचं असेना, मान तर मी वळवली. फळीवर मांडण्याआधी प्रत्येक बगळा पुसायचं काम मात्र सासरे कुणाला देत नसत. त्यांच्या हातून आजवर एकही फुटला नव्हता. नशीब, दुसरं काय.

दुपारी संग्रहालयाच्या बाई आल्या. एक बगळा त्यांनी बराच वेळ फिरवून पाहिला.

"आम्ही नवीन दालन उघडतोय. हा तिथे ठेवायचाय, करणाऱ्याच्या नावानिशी. फक्त आमचा एक नियम आहे. कारागिराने एक नग आमच्यासमोर करून दाखवायचा."

सुनेच्या तोंडचं पाणी पळालं. "अण्णांना आज बरं नाही. पुढच्या मेळ्यात दाखवतील ना."

"मला काय धाड भरलीय?" सासरे उठलेच. "डागडुजीची ज्योत आणलीय ना? लाव ती."

"अण्णा, ऐका तरी. वारा बघा केवढा आहे."

"मग पत्र्याचा आडोसा धर. तेवढं तर करशील?"

बघता बघता गर्दी जमली. टोपलीवाली आपलं दुकान सोडून पुढे येऊन उभी राहिली. सुनेने आडोसा धरला. आता काच ओघळणार, कुणीतरी फिस्सकन हसणार, आणि हा माणूस भरल्या मैदानात एवढासा होणार. तिने मनाशी ठरवलं, पहिली चूक दिसली की आडोसा सोडायचा. ज्योत विझेल. दालन गेलं तर जाऊ दे, दोष वाऱ्यावर जाईल.

कांडी लाल झाली, लवली. सासऱ्यांनी चिमट्याने टोक धरलं आणि एका दमात मान ओढली. मग चोच. मग पाय. हाताला थरथर म्हणून नव्हती. कुणी हसलं नाही. पत्रा तेवढा खडखडत होता, कारण तो धरलेले सुनेचे हात कापत होते.

बगळा राखेत निवल्यावर बाईंनी तो मघाच्या बगळ्याशेजारी धरला. एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे.

"सुंदर आहे," त्या जरा चाचरत म्हणाल्या. "पण मघाच्याची मान काही औरच होती. त्यापुढे ही थोडी आखडल्यासारखी वाटते. रागावू नका हं."

"रागवायचं काय त्यात?" सासरे म्हणाले, पार टोकाच्या मांडवापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "हा मी केलाय. तो आमच्या सूनबाईने."