कलपाचं घड्याळ

"बाबा, लावा घड्याळ," खुर्चीत बसलेली मुलगी म्हणाली. न्हाव्याने कलपाचं घड्याळ दोन मिनिटांवर फिरवलं. एरवी गिऱ्हाइकाच्या डोक्यावर कलप किती वेळ ठेवायचा, ते हे घड्याळ सांगायचं. गेले अकरा दिवस, दुपारी दुकान रिकामं झालं की ते लेकीचं इंग्रजी मोजत होतं.

ती नर्स होती. मोठ्या हॉस्पिटलातली नोकरी हाताशी आली होती, पण इंग्रजीची तोंडी परीक्षा आडवी आली. दोनदा ती अडखळून नापास झाली होती. उद्या तिसरी आणि शेवटची संधी. विषय आधीच कळवलेला: आयुष्यातली एक खंत, दोन मिनिटं.

भाषण क्लासच्या सरांनी लिहून दिलं होतं. खंत कशी, परीक्षकाच्या डोळ्यांत पाणी आणणारी हवी, असं सरांचं मत. म्हणून त्यात होतं, की माझा बाप शिकलेला असता तर आज मी कुठल्या कुठे असते. घरात इंग्रजीचा एक शब्द तरी कुणाला येत असता तर किती बरं झालं असतं! पहिल्या दिवशी हे बाबांसमोर म्हणताना तिची जीभ जड झाली. मग तिने मनाची समजूत घातली, त्यांना कुठे कळतंय! न्हावी तर कंगवे धुता धुता कौतुकाने मान डोलवायचा. गिऱ्हाईक काहीही बोललं तरी मान डोलवायची त्याला सवयच होती.

आज तिने आरशात बघत सगळं धडाधड म्हणून टाकलं. घड्याळ वाजायच्या आत भाषण संपलं. स्वारी खूश झाली.

"एक वाक्य गाळलंस," न्हावी मान वर न करता म्हणाला. "बाप शिकलेला असता तर, ते."

आरशातला तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"बाबा... तुम्हाला कळतं?"

"तीस वर्षं गिऱ्हाइकं या खुर्चीत बसून फोनवर इंग्रजी झाडतायत. माझी जीभ वळत नाही, पण कान तयार झालेत."

"मग अकरा दिवस बोलला का नाहीत?"

"तू कुठे अडखळतेस ते ऐकत होतो. ते वाक्य गाळू नकोस बाळा. तिथेच तुझं इंग्रजी सगळ्यात छान वाटतं."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. न्हाव्याने घड्याळ पुन्हा दोन मिनिटांवर आणलं. "हं, पहिल्यापासून."

दुसऱ्या दिवशी परीक्षक बाईंनी विचारलं, "तुमची खंत कोणती?" सरांचा कागद पर्समध्येच राहिला.

"माझ्या वडिलांना काय काय येतं, हे मी त्यांना कधी विचारलंच नाही," ती इंग्रजीत म्हणाली. आणि मग ते कंगवे, तो आरसा, ते घड्याळ, सगळं सांगत सुटली. वेळ संपल्याचं बाईंनी दोनदा सांगितलं, तरी वडिलांचे आभार मानणं तिचं संपेना. ती एकदाही अडखळली नाही.