न फुटलेले थर्मामीटर

"अहो बाई, कागद काय दाखवता? हात लावून बघा! पोरगी तव्यावानी तापलीय!" कलाबाईनं मुख्य नर्स सलिमाचा पदरच धरला.

सलिमानं पुन्हा कागद पाहिला. काल ताप नाही, आज सकाळी ताप नाही. म्हातारीचं समाधान करावं म्हणून तिनं सुनेच्या कपाळावर हात ठेवला, आणि चटका बसल्यागत मागं घेतला. चार दिवसांची बाळंतीण चिमणाबाई तापानं फणफणत होती. गंगापूरच्या वाटेवर फुलांचा मळा करणारी चांगली धट्टीकट्टी बाई. आता तिला हाकेला ओ देण्याचंही भान नव्हतं.

"नवसाबाई, थर्मामीटर आणा!"

ताप बघायचं काम नवसाबाईचं. ती जागची हलेना. सलिमानं स्वतःच डबी उघडली. आत कापसावर काचेचे तुकडे!

"मग हे आकडे कुठून आणलेत?"

"अंदाजानं लिवले, बाई," नवसाबाई रडकुंडीला आली. "सांगितलं असतं तर माझीबी भागीबाई केली असती तुमी."

भागीबाईचं नाव निघालं आणि सलिमाला सगळं आठवलं. नाशिकच्या या बायकांच्या दवाखान्याची गोरी मडम विलायतेला गेली, आणि तिच्या खुर्चीत सलिमा बसली. आपली बाई मोठी झाली म्हणून गावाला कोण कौतुक! त्या कौतुकाचीच तिला धास्ती होती. आपल्या हाताखाली सुईसुद्धा मोडता कामा नये, असं तिनं मनाशी घेतलं. पहिल्याच आठवड्यात आया भागीबाईच्या हातून थर्मामीटर फुटला. सलिमानं तिला सगळ्यांपुढं दारात उभं करून असं फैलावर घेतलं, की बिचारी त्या दिवशी डोळे पुसतच घरी गेली. तेव्हापासून दवाखान्यात एकही थर्मामीटर फुटला नाही. तपासणीला आलेल्या साहेबांना सलिमानं ते केवढ्या तोऱ्यात सांगितलं होतं!

आताही जिभेवर आग आली होती. तिनं ती गिळली.

"डॉक्टरांना बोलवा, नवसाबाई. पळा!"

डॉक्टर आले. औषधं झाली, मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या झाल्या. दोन दिवस कलाबाईनं गोदामाईला हात जोडले आणि सलिमानं अल्लाला. तिसऱ्या दिवशी चिमणाबाईनं डोळे उघडून बाळ मागितलं, तेव्हा सगळ्यांच्या जिवात जीव आला.

त्याच दुपारी सलिमानं सगळ्या बायकांना बोलावलं. भागीबाईला पुन्हा त्याच दारात उभं केलं. त्या बिचारीनं आधीच डोळ्यांना पदर लावला.

"हिच्याकडं नीट बघा," सलिमा म्हणाली. "फुटल्याबरोबर आपल्या पायांनी सांगायला आलेली ही एकटी. आणि मी हिलाच रडवलं. भागीबाई, चुकलं माझं. यापुढं काही फुटलं, तर माझ्या टेबलावर आणून ठेवा. कुणी फोडलं, ते मी विचारणार नाही."

बायका माना खाली घालून आपापल्या कामाला गेल्या. कोण विश्वास ठेवणार आपल्यावर, असं म्हणत सलिमा उदास होऊन घरी गेली.

सकाळी तिनं खोलीचं दार उघडलं. टेबलावर कापूस अंथरून फुटके थर्मामीटर ओळीनं मांडले होते. शेजारी कान तुटलेलं भांडं, तडा गेलेली सिरिंज, आणि मडमेच्या वेळेपासून हरवलेली कपाटाची मोडकी किल्ली. सलिमा खुर्चीत बसली आणि एवढं सगळं नुकसान बघून, ईदचा चंद्र दिसावा तशी हसली.