वाटीभर डिझेल

घाट उतरताना गाडी न्यूट्रल केली, की जीपवाल्या तातोबाचं वाटीभर डिझेल वाचायचं. काल मात्र ती म्हातारी जीप वळणावर थेट कठड्याला टेकली. आता बाजाराला निघालेल्या बायका तिच्यात बसेनात.

हुसेनमेस्त्रीने चाकं उघडली. ब्रेकचे लायनर जळून काचेसारखे गुळगुळीत झाले होते.

"तातोबा, पावसाळ्यातच नवे टाकले होते ना?"

"तुझा मालच हलका!"

मेस्त्री हसला. गप्प राहिला असता, तर दर हंगामाला एक जोडी खपली असती. पण हा कसला धंदेवाला! नवे लायनर बसवून तो तातोबाच्या शेजारी येऊन बसला. "चल, उतरू घाट."

उतार लागताच तातोबाचा हात सवयीने गिअरवर गेला. मेस्त्रीने तो तिथेच दाबून धरला.

"दुसऱ्यातच राहू दे. इंजिन गाडी धरतंय, तर ब्रेकला कशाला भाजतोस?"

कालच्या वळणावर जीप नुसता पाय टेकवताच थांबली. तातोबा कठड्याकडे बघत राहिला.

वर्षाचा हिशेब असा : तातोबाचं डिझेल गेलं, मेस्त्रीचं गिऱ्हाईक गेलं, आणि बाजाराच्या बायका घाटभर मागच्या बाकावर निवांत डुलक्या घेतात.