रिकाम्या ओळीचा पत्ता

"काका, पान चाळीसवर तुमचा पत्ता आहे. तिथली ओळ काय होती हो?"

दारातली ही सदतिसावी वाचक. एखाद्या ओळीनं भावना दुखावल्याची तक्रार केली की ती ओळ पुस्तकाच्या सगळ्या प्रतींतून आपोआप पुसली जाई आणि रिकाम्या जागी, कायद्यानुसार, तक्रारदाराचं नाव-पत्ता उमटे.

"'मास्तरांना फक्त उत्तरं येतात,'" निवृत्त मुख्याध्यापक दिगंबरराव खळदकर म्हणाले. सांगून सांगून त्यांना ती पाठच झाली होती.

"अहो, तक्रार मागे घ्या, नाहीतर येणाऱ्यांचा चहा तुम्ही करा!" आतून सुमतीबाई कडाडल्या.

दिगंबररावांनी मोबाइलवर 'तक्रार मागे' हे बटण दाबलं. त्यांच्या प्रतीत ओळ परतली, आणि त्यांनी प्रथमच तिच्या पुढची वाचली: 'प्रश्न विचारायला शिकवणारे एकच मास्तर भेटले.'

"कोण बरं?" असं पुटपुटत त्यांनी चष्मा सावरला आणि पान उलटलं.