पहिली चाचणी

दहा वाजत आले तसा आरेखक दर मिनिटाला उठून खिडकीतून रस्त्याकडे बघायला लागला. टेबलावर वही, नकाशा, टोक काढलेल्या चार पेन्सिली आणि वीस बाजूंचे फासे मांडून झाले होते. आता फक्त माणसं यायची बाकी होती.

“एवढं काय घाबरायचं?” बायको म्हणाली. “आम्ही काय परके आहोत?”

“परके तोंडदेखलं बरं म्हणतात. आपली माणसं तोंडावर सांगतात.”

जन्मभर त्याने दुसऱ्यांच्या इमारतींचे नकाशे काढले होते. हे गाव मात्र त्याचं स्वतःचं होतं. खाऱ्या नदीकाठचं गाव, तिथल्या मोठ्या घंटेचा लोलक कुणीतरी पळवलेला. खेळणाऱ्याने एकेक पात्र घ्यायचं, त्या पात्राच्या तोंडून बोलायचं. समोर काय घडतंय ते सूत्रधाराने, म्हणजे त्याने, सांगत जायचं. मनात आणलेलं जमलं की फसलं, ते फासा ठरवणार. वीस वर्षं लिहीत लिहीत वही अखेर पूर्ण झाली होती. खेळ आज रंगला नाही तर वही सरळ माळ्यावर टाकायची, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

कंडक्टर आला. शाळेपासूनचा दोस्त. बसची नोकरी सुटली होती, पण आवाज अजून शेवटच्या सीटपर्यंत जायचा. पाठोपाठ बायकोचा भाऊ आला. तो गणिताचा मास्तर, बोलणंही मोजूनमापून.

“अरे, तुझे केस कधी पिकले?” आरेखकाने मेहुण्याला विचारलं.

“पोरांचे पेपर तपासून तपासून, भावोजी.”

डुगडुगणारी खुर्ची सोडून कंडक्टर खिडकीजवळ बसला आणि त्याने बाह्या सरसावल्या. “हं, चल. मला यातलं ओ की ठो कळत नाही, आधीच सांगतो.”

आरेखकाने नकाशा उलगडला. घड्यांवर बायकोने चिकटपट्टी लावलेली दिसली. हिला सगळ्याचीच काळजी, असं म्हणून त्याने सुरुवात केली. कंडक्टर नावाडी झाला, बायको चोर, मेहुणा वैद्य.

पहिली दहा मिनिटं त्याचं त्यालाच ऐकवेना. मग कंडक्टर नाव हाकायला लागला आणि खोलीत पाणी शिरल्यासारखं झालं.

“पूल आला की मी...” कंडक्टर म्हणाला. बायकोला जोराचा ठसका लागला. “म्हणजे, पूल असेलच ना पुढे? नदी म्हटल्यावर?”

“आहे!” आरेखक खूश झाला. “काय डोकं चालतं रे तुझं!”

पुलापलीकडे गावाचा दरवाजा, आणि दरवाजावर पहारेकरी. खरी धाकधूक इथेच होती. वहीत त्याने दोनच वाटा लिहिल्या होत्या, लढायचं नाहीतर लाच द्यायची. दोन्ही वाटा त्याला रुक्ष वाटायच्या. पण तिसरी सुचली नव्हती.

मेहुण्याने फासा हातात घेतला आणि टाकलाच नाही. “मी त्याला विचारतो, बाबा रे, तुझी पाळी कधी संपते? घरी कोण वाट बघतंय?”

याचं उत्तर वहीत नव्हतं. आरेखकाने वही मिटून बाजूला ठेवली. मग त्याच्या तोंडून आपोआप शब्द यायला लागले. पहारेकरी पायरीवर बसला. घंटा मुकी झाल्यापासून त्याची लेक बोलली नव्हती. घरी जायचं त्याला भय वाटत होतं. हे सगळं कुठून आलं ते आरेखकालाही ठाऊक नव्हतं. बायकोने पदराने डोळे टिपले.

दीड वाजता त्याने कोरा कागद पुढ्यात ओढला, वर चौकोनी अक्षरांत ‘पहिली चाचणी’ असं लिहिलं आणि म्हणाला, “आता भीड ठेवू नका. काय अडलं?”

“नावेचा नियम किचकट आहे,” कंडक्टर म्हणाला. “एवढ्याशा वळणाला तीन फासे कशाला?”

त्याने ते टिपून घेतलं.

“बाकी भावोजी,” मेहुणा म्हणाला, “वही माळ्यावर जायची नाही.”

माळ्याचं तर तो कुणाला बोलला नव्हता. बायकोने चेहऱ्यावरून ओळखून भावाला सांगितलं असणार. त्याने दोघांपुढे हात जोडले. “रविवार मोडून आलात. तुमचे उपकार...”

“उपकार कसले, लेका?” कंडक्टर म्हणाला. “पुढच्या रविवारी पुढचं.”

कागद जपून ठेवायला तो आतल्या खोलीत गेला. जपायची वस्तू तो नेहमी कपाटाच्या खालच्या खणात, स्वेटरांच्या मागे ठेवायचा. त्याने हात घातला. तिथे एक जाडजूड फाइल होती.

वरच्या कागदावर त्याच्याच चौकोनी अक्षरांत लिहिलं होतं, ‘पहिली चाचणी’. खालच्याही कागदावर तेच. त्याच्या खालच्याही. तारखा वेगवेगळ्या, सगळे रविवार. ‘कंडक्टरने पहारेकऱ्याला गाणं म्हणून झोपवलं.’ ‘हिने पहारेकऱ्याला स्वतःचं पांघरूण दिलं.’ ‘मेहुण्याने पहारेकऱ्याला पाढे शिकवले.’ आणि प्रत्येक कागदावर, ‘नावेचा नियम किचकट.’

तो पलंगाच्या कडेला बसला. बाहेर कंडक्टर कशावर तरी खो खो हसत होता.

फाइलच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी डकवली होती. अक्षर त्याचंच.

‘घाबरू नकोस. मेंदूच्या त्या तापानंतर तुझ्या डोक्यात नवं काही टिकत नाही, एवढंच. आजचा कागद वर लाव, फाइल होती तशी ठेव आणि बाहेर जाऊन चहा घे. पण तुला सगळं कळलंय याचा त्यांना पत्ता लागू देऊ नकोस. पहिल्यांदाच खेळतोय असं दाखवायला बिचारे दर वेळी जिवाचं रान करतात.’