हाकेचा ठेका

भाविनीचं लग्न झालं त्या वर्षी, म्हणजे २०१७ साली, तिच्या वडिलांनी, जिग्नेशशेठनी, तिच्या रिकाम्या खोलीत दोन नवे स्पीकर आणून उभे केले. माणसाच्या खांद्याएवढे उंच. चिखले गावच्या त्या चिकूवाडीत असलं सामान कुणी पाहिलं नव्हतं.

शेठना जॅझचा नाद. तरुणपणी मुंबईच्या एका हॉटेलात ड्रमवाल्याच्या अगदी पुढ्यात बसून त्यांनी ते ऐकलं होतं. काठी पडली की ठोका आधी छातीत लागायचा, मग कानात. घरी कुठलीही रेकॉर्ड लावली तरी पियानो खरा वाटे, ट्रम्पेट खरा वाटे, ड्रम तेवढा डब्यात कोंडल्यासारखा.

एकदा त्यांनी वाडीच्या राखणदाराला बोलावून ऐकवलं. हा जिव्या, पाड्यावरचा जुना ढोल्या. त्याने शेवटपर्यंत ऐकलं.

"वाजवणारा चांगला हाय," तो म्हणाला. "पन शेठ, ह्याला चामडं नाय."

शेठना ते लागलं. त्यांनी चांगला माइक मागवला आणि जिव्याचाच ढोल रेकॉर्ड करायचं ठरवलं.

लग्नातले ठेके जिव्याने हसत वाजवून दिले. शेठना हवा होता हाकेचा. कुणाच्या जिवावर बेतलं की पाड्यावर तो वाजवतात आणि ऐकेल तो हातातलं काम टाकून धावतो. जिव्या नको म्हणाला. तो उगाच वाजवायचा नसतो.

शेठनी गंगीचा विषय काढला. गंगी जिव्याची बायको, तिला दमा होता. त्यांची झोपडी वाडीच्या टोकाला, तिथे फोन लागत नसे, आणि डहाणूच्या दवाखान्यात न्यायला गाडी एकट्या शेठकडे.

"तिला दम लागला की हाच वाजव," शेठ म्हणाले. "जेवत असलो तरी उठेन."

 जिव्याने ढोल गळ्यात अडकवला.

गंगी म्हणाली, बरं झालं, ढोलाचा आवाज शेठच्या घरी नांदायला गेला, आता मला झोप मिळेल.

रोज दुपारी जेवण झालं की शेठ तो ठेका लावत. स्पीकर वीतभर मागे घेत, भिंतीवर गोधडी टांगत, तार बदलत. ढोल डब्यातून निघेना. जिव्या येता-जाता विचारी, निघाला का बाहेर?

मे महिन्यातल्या एका दुपारी त्यांनी खिडक्या उघड्या टाकल्या, डावा स्पीकर खिडकीपाशी नेला, बटण दाबलं आणि आरामखुर्चीत पडले. ठेका संपायच्या आत डोळा लागला.

जाग आली तेव्हा सदरा घामाने चिंब झाला होता आणि ढोल वाजत होता.

ते तसेच पडून राहिले. चामडं ऐकू येत होतं. काठी, काठीमागचा हातसुद्धा. आवाज खिडकीच्या अंगाने येत होता, स्पीकर हलवल्याचं चीज झालं होतं. मध्येच ठेका अडखळे, पुन्हा जोर धरी. इतक्या दिवसांत हे कसं कानाला लागलं नव्हतं? शेठच्या डोळ्यांत पाणी आलं. संध्याकाळी जिव्याला बोलावून म्हणायचं, हे घे तुझं चामडं.

पंधरा-वीस मिनिटांनी ढोल थांबला. शेठ समाधानाने उठले आणि मशीन बंद करायला गेले.

मशीनचा लाल दिवा विझलेला होता. वरचा पंखाही उभा होता. लाइट केव्हाच गेली होती.

गंगी शुक्रवारी, १२ मे २०१७ रोजी, दुपारी तीनच्या सुमारास वारली.