चालणारा कडुनिंब

श्रीहरी मेश्राम घरात पश्चिमेच्या भिंतीला टेकून बसले होते. बाहेर बावन्न अंश तापमान होतं, तरी भिंत गार होती. पालिकेचा चालणारा कडुनिंब दोन वर्षं तिच्यावर सावली धरून उभा होता, त्यांच्या आजारी पत्नी वेणूबाईंसाठी. त्यांना जाऊन आठ दिवस झाले होते.

पालिकेची प्रणिता दारात आली. "काका, झाड न्यायला आले. मागच्या गल्लीत सात दिवसांचं बाळ आहे. घर फार तापतं त्यांचं."

"आणखी दोन दिवस राहू दे ना," ते थकून म्हणाले.

प्रणितानं मागच्या गल्लीकडे पाहिलं.

श्रीहरी उठले. त्यांनी झाडाच्या बुंध्याशी बादलीभर पाणी ओतलं. "घेऊन जा. आणि त्यांना सांग, दुपारी याला पश्चिमेला उभं करा."

कडुनिंब मुळं उचलत सावकाश निघून गेला. तासाभरात भिंत तापली. श्रीहरींनी भिंतीलगतची वेणूबाईंची रिकामी खाट ओढत आतल्या खोलीत नेली.